कारचा स्टिरिओ बंद पडला, तर करंट कुठे अडलाय ते असं शोधा

कारचा स्टिरिओ बंद पडला की पहिला संशय स्टिरिओवरच जातो, आणि दुकानात गेलात की "नवीनच टाका" हा सल्लाही हातोहात मिळतो. बिघाड मात्र बहुतेक वेळा डब्याच्या बाहेर असतो: उडालेला फ्यूज, नुसती टेप गुंडाळून केलेला जोड, सैल अर्थिंग (निगेटिव्ह तारेची गाडीच्या बॉडीला दिलेली जोडणी), दाराच्या बिजागरीपाशी आतून तुटलेली तार. म्हणून बॅटरीपासून निघायचं आणि करंट कुठपर्यंत पोचतोय ते पाहत स्टिरिओकडे यायचं. उलट्या दिशेने, म्हणजे आधी डॅशबोर्ड खोलून सुरुवात केली की चार क्लिपा तुटतात आणि बिघाड तिथेच राहतो.

हे सगळं बाहेरून बसवलेल्या साध्या किंवा अँड्रॉइड स्टिरिओसाठी आहे. कंपनीतूनच आलेली मोठी टचस्क्रीन गाडीच्या बाकी युनिटांशी डेटाच्या तारांवर जोडलेली असते. तिथे फ्यूज, अर्थिंग आणि स्पीकर एवढंच घरी तपासा, पुढचं काम स्कॅनरचं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी जाड केबल दिसली तर तिच्या वाटेला जाऊ नका.

हाताशी काय हवं

एक डिजिटल मल्टिमीटर, ज्यात डीसी व्होल्ट, ओहम आणि १० अँपिअरची खाच असेल. १० नंबरचा पाना. डॅशबोर्डच्या फ्रेमसाठी प्लॅस्टिकची चपटी पट्टी (स्क्रू ड्रायव्हरने ओरखडे पडतात). त्याच रेटिंगचे दोन-तीन जादा फ्यूज. १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल. आणि सर्वांत महत्त्वाची वस्तू: इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, होल्डरसकट, हातभर लांबीच्या दोन तारा जोडून. मल्टिमीटर जिथे फसवतो तिथे हा बल्ब खरं सांगतो.

दोन गोष्टी आधीच. पिवळ्या नळीतून गेलेल्या किंवा पिवळा कपलर (तारांच्या टोकाचा प्लॅस्टिकचा जोड) असलेल्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना मीटर किंवा बल्ब कधीही लावायचा नाही. (स्टिरिओच्या कपलरमधली पिवळी तार वेगळी, ती पुढे येईल.) आणि स्टिरिओचा कपलर काढता-घालताना बॅटरीची निगेटिव्ह सुटी ठेवा. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. काही गाड्यांच्या मूळ रेडिओला कोड लागतो. तो कागदपत्रांत सापडतोय का हे बॅटरी सोडण्याआधी पाहून ठेवा.

आधी गाडीलाच विचारा

चावी पहिल्या खटक्यावर, म्हणजे एसीसीवर ठेवा आणि पाहा: स्टिरिओसोबत आणखी काय बंद आहे? स्टिरिओला दोन वेगळ्या वाटांनी करंट येतो. एक कायमचा, घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवण्यासाठी. दुसरा चावीवरचा. पुष्कळ गाड्यांत कायमची लाइन आणि छतावरचा दिवा एकाच फ्यूजवर असतात, तर चावीची लाइन आणि लायटरचा सॉकेट दुसऱ्या एका फ्यूजवर. त्यामुळे छतावरचा दिवाही गेला असेल तर पहिला फ्यूज आणि लायटरचा सॉकेटही मेला असेल तर दुसरा, हे मीटर हातात घेण्याआधीच कळतं. लायटरच्या सॉकेटमध्ये पडलेलं नाणं आणि सिग्नलवर घेतलेला स्वस्त मोबाइल चार्जर, स्टिरिओच्या फ्यूजचे हे दोन जुने वैरी.

मग बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४च्या दरम्यान दिसायला हवं. स्टार्टर मारताना व्होल्टेज क्षणभर १० च्या आसपास येतं, त्यामुळे गाडी सुरू करताना स्टिरिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल तर तो सहसा स्टिरिओचा दोष नसतो. आवाज वाढवला की बंद पडत असेल, तर मात्र कुठेतरी जोड कच्चा आहे. त्याच्याकडे पुढे येऊ.

फ्यूज: डोळ्यांनी नाही, मीटरने

फ्यूजचे डबे सहसा दोन असतात, एक स्टिअरिंगच्या खाली किंवा बाजूला, दुसरा बॉनेटखाली. तिसरा फ्यूज स्टिरिओच्या पाठीवर, आणि तो हमखास विसरला जातो. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन ठिपके उघडे असतात. फ्यूज न काढताच मीटरची काळी पिन बॉडीच्या उघड्या धातूला लावा आणि लाल पिन एकेका ठिपक्यावर टेकवा. दोन्हीकडे १२ आले तर फ्यूज ठीक. एकीकडेच आले तर उडालेला. दोन्हीकडे शून्य असेल तर फ्यूजपर्यंत करंटच आलेला नाही, मग चावीचा स्विच किंवा मागचा मोठा फ्यूज पाहायचा.

रंग लक्षात ठेवा: तपकिरी ७.५, लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. स्टिरिओला बहुधा १० किंवा १५ असतो. उडाला म्हणून पुढच्या रंगाचा टाकणं किंवा चंदेरी कागद गुंडाळणं म्हणजे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी तार जळेल अशी सोय करणं.

जाता जाता: स्टिरिओच्या डब्यावर "५० वॅट गुणिले ४" असं छापलेलं असतं. १० अँपिअरचा फ्यूज १४ व्होल्टवर सतत जेमतेम १४० वॅट आत जाऊ देतो, मग बाहेर २०० कुठून यायचे? सततची खरी ताकद दर स्पीकरला १५ ते २० वॅटच्या आसपास असते.

नवा फ्यूज टाकताच उडतोय? मग एकामागून एक फ्यूज जाळू नका, बल्ब काढा.

१. उडालेल्या फ्यूजच्या दोन पायांना बल्बच्या दोन तारा डाखून घ्या आणि तो फ्यूजच्या जागी खोचा.

२. चावी एसीसीवर. बल्ब लख्ख पेटला तर पुढे कुठेतरी तार सरळ बॉडीला लागली आहे. मंद पेटला तर एवढ्यावरून शॉर्ट म्हणू नका, स्टिरिओही थोडा करंट घेतोच.

३. पेटत्या बल्बनिशी स्टिरिओच्या पाठीमागचा कपलर काढा. (बॅटरी सोडायचा नियम इथे चालत नाही, पण बल्बमुळे करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही.) बल्ब विझला तर दोष स्टिरिओत. तसाच राहिला तर तारेत.

४. तारेत असेल तर फ्यूजपासून सुरू करून वायरिंग हाताने थोडं थोडं हलवत, ओढत या. जिथे हात लागताच बल्ब मिचकतो, तिथे थांबा.

नेहमीच्या जागा: स्टिरिओच्या लोखंडी चौकटीची धार, चौकटीला लावलेला गरजेपेक्षा लांब स्क्रू, डबा आत दाबताना त्याच्या पाठीमागे चिरडलेली तार, आणि ॲम्प्लिफायर असेल तर सीटच्या बोल्टखालून गेलेली केबल. पार्किंगचे दिवे किंवा हेडलाइट लावल्यावरच फ्यूज उडत असेल तर नारिंगी तार पाहा. ती डॅशबोर्डच्या प्रकाशाची असते, आणि कुणीतरी ती अर्थिंगच्या तारेत पिळलेली असण्याची शक्यता मोठी.

स्टिरिओच्या पाठीमागे

बाहेरच्या स्टिरिओच्या तारांचे रंग बरेचसे ठरलेले आहेत. पिवळी: कायमचा करंट. लाल: चावीवरचा. काळी: अर्थिंग. निळी: अँटेना, निळी-पांढरी: ॲम्प्लिफायर चालू करायची. पांढरी जोडी पुढचा डावा स्पीकर, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळी रेघ असलेली तार त्या जोडीतली निगेटिव्ह. हे रंग स्टिरिओच्या बाजूचे. गाडीच्या बाजूच्या तारांना हा नियम लागू नाही, तिथे रंगावर विसंबलात तर फसाल. प्रत्येक तार मोजायची.

आता मीटरची फसवणूक. पिवळ्या तारेवर १२.४ दिसतात आणि तरी स्टिरिओ ढिम्म. लोक इथेच स्टिरिओ मेला असं ठरवून मोकळे होतात. मीटर स्वतः जवळपास काहीच करंट घेत नाही, त्यामुळे हिरव्या पडलेल्या तारेचा एक केस शिल्लक असला तरी तो १२.४ दाखवतो. आता तिथेच बल्ब लावा, एक टोक पिवळ्याला आणि एक काळ्याला, आणि बल्ब पेटता असतानाच पुन्हा मोजा. जोडात ५ ओहमचा अडथळा असला तर मघाचे १२.४ निम्म्याच्या आसपास घसरतात आणि बल्ब लालसर, मरगळलेला पेटतो. बल्ब झगझगीत पेटला आणि मीटर १२च्या आसपास टिकला तरच ती तार ठीक. हीच चाचणी चावी एसीसीवर ठेवून लाल तारेवर करा.

बल्ब मंद असेल तर अडथळा पिवळ्यात की काळ्यात? बल्बचं काळ्यावरचं टोक काढून डॅशबोर्डच्या आतल्या, रंग नसलेल्या लोखंडाला लावा. आता लख्ख पेटला तर पिवळी निर्दोष, अर्थिंग खराब. शेवटचा दाखला स्टिरिओ मोठ्या आवाजात वाजत असताना घ्यायचा: मीटरची एक पिन काळ्या तारेच्या जोडावर, दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर. ०.१ व्होल्ट किंवा कमी म्हणजे उत्तम. ०.३च्या वर गेलं तर थिंबलखालचा (तारेच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीखालचा) रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून बोल्ट पुन्हा आवळा.

अर्थिंगचं एक फसवं रूप आहे. काळी तार तुटलेली असूनही स्टिरिओ चालतो, कारण त्याला अर्थिंग अँटेनाच्या केबलच्या बाहेरच्या जाळीतून मिळत असतं. आवाजात खरखर, दिवे मंद, आणि अँटेनाची पिन उपसली की सगळं बंद. असं झालं तर अँटेना नव्हे, काळी तार दुरुस्त करायची.

पिवळी आणि लाल अदलाबदल झाली तर प्रत्येक वेळी चावी काढल्यावर घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात. आयएसओ कपलरच्या (पुष्कळ गाड्यांत असणाऱ्या ठरावीक साच्याच्या कपलरच्या) काळ्या भागात चौथी पिन कायमची आणि सातवी चावीची असते. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत या दोन उलट आहेत. म्हणूनच पुष्कळ कपलरांवर पिवळ्या-लाल तारांमध्ये गोळीसारखे छोटे जोड दिलेले असतात, ते काढून फक्त उलटे लावायचे. कात्री चालवायची गरज नाही.

एकाच बाजूचा आवाज गेला

आधी स्टिरिओतला बॅलन्स (डावा-उजवा आवाज) आणि फेडर (पुढचा-मागचा आवाज) बघा. हसू नका, लहान मुलांच्या हाती टचस्क्रीन असते. मग पाठीमागच्या कपलरवर न वाजणाऱ्या स्पीकरची जोडी वाजणाऱ्या जोडीच्या जागी लावून पाहा. शांतता स्पीकरसोबत हलली तर दोष तारेत किंवा स्पीकरमध्ये, जागेवर राहिली तर स्टिरिओच्या आत.

कपलर काढून दोन तारांमध्ये ओहम मोजा. ४ ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.८च्या आसपास दाखवतो. मीटरवर काहीच आकडा आला नाही तर तार किंवा कॉइल तुटलेली. शून्याजवळ आला तर तारा एकमेकींना लागलेल्या. मग एक पिन तशीच ठेवून दुसरी बॉडीला लावा: इथे काहीच आकडा येता कामा नये. तार बॉडीला लागत असेल तर स्टिरिओ स्वतःला वाचवायला आवाज बंद करतो आणि पडद्यावर प्रोटेक्ट असं काहीतरी लिहून येतं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात. वाजत असताना बॉडीपासून मोजलं तर पॉझिटिव्हवरही सुमारे ६ व्होल्ट आणि निगेटिव्हवरही सुमारे ६, म्हणून त्या दोघींमधला डीसी व्होल्टचा फरक शून्य. निगेटिव्ह बॉडीला टेकवली की ते ६ व्होल्ट सरळ जमिनीत जातात. जुन्या गाड्यांत चारही स्पीकरांची निगेटिव्ह एकत्र बांधून बॉडीला दिलेली सापडते. तशा गाडीत नवा स्टिरिओ जोडण्याआधी प्रत्येक स्पीकरला दोन-दोन स्वतंत्र तारा ओढाव्याच लागतात.

दार उघडताना-मिटताना आवाज येतो-जातो? मग बिजागरीजवळचा रबरी पाइप मागे सरकवा. हजारो वेळा दुमडून तांबं आत तुटतं आणि वरचं प्लॅस्टिक शाबूत दिसतं. प्रत्येक तार बोटांच्या चिमटीत धरून हलकेच ओढा; जी रबरासारखी ताणली जाते ती तुटलेली. तिथे थेट जोड मारू नका, तोही त्याच जागी दुमडेल. दोन्हीकडे पाइपच्या बाहेर, न दुमडणाऱ्या भागापर्यंत नवा तुकडा टाका.

स्पीकरची दिशा पाहायला पेन्सिल सेल पुरे. स्टिरिओचा कपलर काढलेला असताना सेल क्षणभर टेकवा. सेलचं पॉझिटिव्ह स्पीकरच्या पॉझिटिव्हला असेल तर स्पीकरचा कागदी पडदा बाहेर येतो. आत गेला तर जोडणी उलटी. सगळे स्पीकर वाजतात पण ढोलाचा ठोका पोकळ वाटतो, याचं कारण बऱ्याचदा एकच उलटा स्पीकर असतं.

एफएम नीट लागत नाही, इंजिनसोबत शिटी वाजते

नवा स्टिरिओ बसवल्यापासून फक्त जवळची स्टेशनं लागत असतील तर छतावरच्या अँटेनात बूस्टर असण्याची शक्यता आहे, आणि त्याला निळ्या तारेतून १२ व्होल्ट लागतात. ती तार पुष्कळदा टेप लावून सोडून दिलेली असते. पूर्वी बरं चालत होतं आणि अलीकडे खरखर सुरू झाली असेल तर डॅशकॅमचा चार्जर उपसून आणि एलईडी हेडलाइट बंद करून ऐका.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिटी अल्टरनेटरची. इंजिन चालू ठेवून स्टिरिओचा आवाज शून्य करा. शिटी तरीही येत असेल आणि ॲम्प्लिफायर असेल तर त्याला लागलेल्या आरसीए पिना (स्टिरिओतून आवाजाचा सिग्नल आणणाऱ्या) काढा (ॲम्प्लिफायर बंद करून काढा, नाहीतर स्पीकरला दणका बसतो). शिटी गेली तर ती आरसीएमधून येत होती: या केबल एका बाजूने आणि बॅटरीची केबल दुसऱ्या बाजूने न्या, स्टिरिओचं अर्थिंग सुधारा. तरीही राहिली तर ॲम्प्लिफायरचं अर्थिंग पाहा: अर्ध्या मीटरहून आखूड, पॉझिटिव्हइतकीच जाड तार, उघड्या लोखंडावर आवळलेली. शिटी खाणारा फिल्टर विकत घेणं सर्वांत शेवटी.

सकाळी बॅटरी उतरलेली

लाल आणि पिवळी दोन्ही कायमच्या लाइनवर एकत्र पिळली की स्टिरिओ चावीने बंद होत नाही. पडदा काळा दिसतो, आत मात्र जाग असते. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी सतत ०.४ अँपिअर गळतीने साडेतीन दिवसांत रिकामी होते, आणि गाडी सुरू न होण्याइतकी तर त्याच्या निम्म्या वेळातच.

मोजताना मीटर १० अँपिअरच्या खाचेत, बॅटरीचा निगेटिव्ह खुंट आणि सुटी केलेली निगेटिव्ह केबल यांच्यामध्ये. दारं बंद, चावी बाहेर, गाडी कुलूपबंद, आणि अर्धा तास थांबा. गाडीतली युनिटं झोपायला वेळ घेतात. ५० मिलिअँपिअरच्या खाली आलं तर ठीक. जास्त असेल तर स्टिरिओचा फ्यूज काढा आणि आकडा पडतो का पाहा. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही स्टार्टर मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो.

जोड मारताना

तारा पिळून वर काळी टेप, ही आपल्याकडची सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत वाईट पद्धत. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड तापतो, टेपचा गोंद पाझरतो, टेप उलगडते. पावसाळ्यात तेच तांबं हिरवं पडतं, कोकणात खाऱ्या हवेने त्याहून लवकर. डाख देऊन किंवा दाबून बसवायच्या नळीने जोड करा, आणि आधीच सरकवून ठेवलेली आकसणारी स्लीव्ह गरम करून बसवा. स्लीव्ह आधी घालायची असते, हे प्रत्येकाला एकदा तरी जोड पुरा झाल्यावर आठवतं. सगळ्या जुडीला कापडी टेप गुंडाळा म्हणजे खडखडणार नाही. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी होती आणि तारेवर दातांच्या खुणा दिसल्या, तर एक तार जोडून समाधान मानू नका. उंदीर सहसा एकीवर थांबत नाही, बॉनेटखालची जुडीही तपासा.

एवढं करूनही चालू होत नसेल

स्टिरिओ बाहेर काढा. बॅटरीच्या पॉझिटिव्हला १० अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून पिवळी आणि लाल एकत्र, निगेटिव्हला काळी, आणि कुठलाही एक धड स्पीकर. इथे वाजला तर दोष गाडीच्या वायरिंगमध्ये, वरची साखळी पुन्हा सावकाश तपासा. फ्यूज तत्क्षणी उडाला तर कधीतरी पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटी लागली असावी. अशा वेळी आतला संरक्षक डायोड स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि पुष्कळदा बाकीचं सर्किट वाचवतो. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे नेऊन "पॉवरच्या तोंडाशी असलेला डायोड बघा" एवढं सांगा. डायोड काही रुपयांचा असतो, आणि तो बदलल्यावर याच जोडणीत फ्यूजऐवजी आधी बल्ब मध्ये घालून लावा: क्षणभर चमकून मंद झाला तर बल्ब काढून फ्यूज घाला आणि वाजवून पाहा.